गिअरबॉक्सला थंड ठेवणाऱ्या दोन नळ्या

घाटाच्या चढणीवर किंवा भर मे महिन्यातील वाहतूक कोंडीत गाडी रेंगाळू लागली, की आपले लक्ष इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे जाते. ऑटोमॅटिक गाडीत मात्र तेवढाच ताप गिअरबॉक्सलाही सोसावा लागतो. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिनाची शक्ती ‘टॉर्क कन्व्हर्टर’मधील तेलामार्फत पुढे जाते. त्याच्या दोन चक्रांच्या वेगात पडणारा फरक उष्णतेच्या रूपाने तेलात उतरतो. हे तेल ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहणे हिताचे. त्यापुढे दर दहा अंशांमागे तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ हिशेब आहे.

यासाठी गिअरबॉक्समधून दोन नळ्या निघतात. एक तापलेले तेल रेडिएटरच्या टाकीतील छोट्या कूलरकडे नेते, दुसरी निवलेले तेल परत आणते. नळ्या बहुधा पोलादी असतात. इंजिन थरथरते, रेडिएटर स्थिर असतो. म्हणून मध्ये रबरी तुकडा जोडतात.

नळी बदलताना जवळचा मार्ग धरण्याचा मोह होतो, तो महागात पडतो. एक्झॉस्टला लगटून गेलेली नळी निवलेले तेल पुन्हा तापवते. तेथे गळती झाली तर आगीचाही धोका. पत्र्याच्या कडेला घासणारी नळी हळूहळू झिजते. कूलंटसाठीचा साधा रबरी पाइप येथे चालत नाही, तेलाने तो फुगून मऊ पडतो. सर्वांत फसवी ती वळणावर दुमडलेली नळी, कारण थेंबभरही तेल बाहेर येत नाही. अनेक गिअरबॉक्समध्ये परत येणारे हेच तेल आतील बुशांना वंगण पुरवते. तो प्रवाह आटला की नुसते तापमान वाढत नाही, भाग कोरडे घासू लागतात.

वजन ओढणाऱ्या किंवा सतत घाटात फिरणाऱ्या गाडीला काही जण जादा कूलर बसवतात. तेल आधी रेडिएटरमधून जावे, मग या कूलरमधून आणि तेथून थेट गिअरबॉक्सकडे, हा क्रम आपल्या हवामानाला योग्य. उलट जोडणी केल्यास वाऱ्याने निवलेले तेल रेडिएटरमधील गरम कूलंटच्या सहवासात पुन्हा तापते. (कडाक्याच्या थंडीच्या देशांत मात्र नेमके तेच हवे असते.) हा कूलर रेडिएटरच्या पात्यांतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बांधू नये; घर्षणाने रेडिएटरलाच भोक पडते.

भारतात २०१४ पासून रुळलेल्या ‘एएमटी’ गाड्यांच्या मालकांना ही चिंता नाही. त्यांत साधाच गिअरबॉक्स आणि क्लच यंत्राने चालवला जातो. काही नव्या गाड्यांत कूलर गिअरबॉक्सवरच बसवलेला असतो आणि लांब नळ्या कूलंटच्या असतात.

रेडिएटरच्या आतला कूलर फुटला, तर बाहेर कोठेही डाग दिसत नाही. कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग येतो आणि गिअरबॉक्सचे लाल तेल गुलाबी दुधासारखे दिसू लागते. कूलंटमुळे क्लच प्लेटांवरील अस्तराचा गोंद सुटतो. अशी गाडी ‘गॅरेजपर्यंत तरी’ म्हणून चालवू नये, ओढूनही नेऊ नये. ट्रकवर चढवूनच न्यावी.