माप, प्रत आणि पारख : राष्ट्राच्या संपत्तीचा न दिसणारा पाया

देशाची भरभराट कशावर अवलंबून असते असें कोणास विचारलें, तर रस्ते, रेल्वे, पाटबंधारे, वीज आणि बंदरें हीं नांवें चटकन् पुढें येतात. आणि तें उत्तर खोटें नाहीं. पाटाचें पाणी आल्याशिवाय ऊंस होत नाहीं व सडक झाल्याशिवाय भाजी बाजारीं पोंचत नाहीं, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. परंतु माल बाजारांत पोंचल्यावर त्याचें वजन कोणत्या मापानें व्हावयाचें, त्याची प्रत कोणी ठरवावयाची, आणि ती प्रत खरी असल्याबद्दल परमुलखांतील गिऱ्हाइकाची खात्री कोणी पटवावयाची, हे प्रश्न उरतातच. या प्रश्नांचीं उत्तरें देणारी जी व्यवस्था, तीहि सडकेइतकीच राष्ट्राच्या संपत्तीस आवश्यक आहे. ती डोळ्यांस दिसत नाहीं म्हणून तिजकडे लक्ष जात नाहीं, इतकेंच. तिची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, या हेतूनें आम्ही हा विषय हातीं घेतला आहे.

या व्यवस्थेचीं अंगें चार. पहिलें अंग मापाचें : किलो म्हणजे सर्वत्र तोच किलो असला पाहिजे. दुसरें मानकाचें : अमुक प्रतीचा माल कसा असावा, हें सौदा होण्यापूर्वीं लिहून ठेवलेलें असलें पाहिजे. तिसरें पारखेचें : हातीं आलेला माल त्या लेखास उतरतो कीं नाहीं, हें यंत्रानें व रसायनानें तपासतां आलें पाहिजे. चवथें साक्षीचें : तपासणारा स्वतः लायक व निःपक्षपाती आहे, असें तिसऱ्या कोणी पाहिलेलें असलें पाहिजे. माप खोटें असेल तर मानक निरर्थक, आणि पारख अविश्वसनीय असेल तर दाखला म्हणजे नुसता कागद. अशीं हीं अंगें एकमेकांस धरून आहेत.

मुंबईच्या उपनगरांत या व्यवस्थेच्या खुणा थोड्याशा टापूंत एकत्र आढळतात. अंधेरी पूर्वेस मरोळच्या औद्योगिक वसाहतींत भारतीय मानक ब्यूरोचें पश्चिम विभागाचें कार्यालय आहे. त्या इमारतीचें नांवच मुळीं ‘मानकालय’. अंधेरीच्याच बाजूस सहारचा विमानतळ आहे, व तेथून कोंकणचा आंबा आणि ठाण्या-नाशिकाकडील भाजीपाला परदेशीं जातो. गोरेगांवीं आरे दूध वसाहत १९४९ सालीं वसविली गेली. तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत किरणोत्सर्ग मोजण्याचें राष्ट्रीय माप सांभाळलें जातें. या ठिकाणांचा शेतकऱ्याच्या भावाशीं काय संबंध, हें आतां क्रमानें पाहूं.

प्रथम वजनांची गोष्ट. जुन्या मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर रेल्वेवर चालणारा मण ८२ पौंडांहून थोडा अधिक. एकाच नांवाचीं वजनें, पण एकाच्या जवळ जवळ तिप्पट दुसरें! कापसाची मुंबईची खंडी ७८४ पौंडांची; कापूस-बाजारांत रुईचा भाव आजहि याच खंडीवर, म्हणजे ३५५.६ किलोंवर, बोलला जातो. गांवोगांव शेर निराळा व पायली निराळी. अशा घोळांत ज्यास सर्व मापें ठाऊक तो व्यापारी तरतो, आणि ज्यास आपल्या गांवचें एकच माप ठाऊक तो शेतकरी बुडतो. मुंबई इलाख्यांत १९३२ सालीं वजनमापांचा कायदा झाला. पण सबंध देशास एक माप मिळण्यास १९५६ चा कायदा यावा लागला, व ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें किलो व लिटर बाजारांत आले.

बाजारांतील किलो खरा कशावरून? त्याची एक वंशावळच असते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत देशाचें मूळ वजन ठेविलेलें आहे. त्याच्याशीं संदर्भ-प्रयोगशाळांचीं वजनें ताडून पाहतात, त्यांच्याशीं राज्याचीं, आणि राज्याच्या वजनांशीं वैधमापन निरीक्षकाचीं. निरीक्षक आपल्या वजनांनीं अडत्याचा कांटा तपासून त्यावर मोहोर उठवितो. इलेक्ट्रॉनिक कांट्याची अशी तपासणी दर वर्षीं झाली पाहिजे असा नियम आहे. ही सांखळी कोठें तुटली तर नुकसान किती होतें याचा हिशेब सोपा आहे. पन्नास किलोंच्या गोणीमागें कांटा अर्धा किलो खाऊं लागला, तर शेंकडा एक टक्का माल गेला. शंभर क्विंटल कांदा विकणाऱ्याचा एक क्विंटल कांदा कोणाच्या डोळ्यांदेखत न चोरतां चोरला गेला. शिवाय कडता, तोलाई, हमाली यांचा भार त्यावर निराळाच.

वजनाहून प्रतीचा प्रश्न बिकट. याचा मोठा दाखला आपल्या कापसानें घालून दिला आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तेव्हां विलायतेच्या गिरण्या मुंबईच्या कापसाकडे वळल्या. मागणी उसळली, तशी लबाडीहि उसळली. रुईवर पाणी मारणें, सरकी व कचरा मिसळणें, उत्तम जातींत हलकी जात दडपणें हे प्रकार इतके माजले कीं १८६३ सालीं मुंबई सरकारास कापसांतील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. यांतील खरें नुकसान कोणाचें झालें? भेसळ कोणीहि करो, दूरचा गिऱ्हाईक सर्वच गठ्ठ्यांस संशयानें पाहूं लागतो व सर्वांचाच भाव पाडून मागतो. चोख कापूस पिकविणाऱ्यास चोखपणाचें मोल मिळत नाहीं. मग तो तरी चोखपणा कशासाठीं राखील? अशा रीतीनें पारख नसलेला बाजार चांगल्या मालास हांकलून लावतो.

पुढें शहाणपण आलें. १९२१ सालीं इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. १९२३ च्या कायद्यानें हलक्या जातीचा कापूस चांगल्याच्या मुलखांत नेण्यास बंदी घालतां येऊं लागली, व १९२५ च्या कायद्यानें प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक गांठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणें भाग पडलें. १९२४ सालीं माटुंग्यास कापसाची प्रयोगशाळा निघाली. कोणत्या जातीच्या रुईचें सूत किती बारीक निघतें, हें तेथें प्रत्यक्ष कांतून पाहिलें जाऊं लागलें. आज सरकारी हमीभावसुद्धां धाग्याच्या लांबीवर व मायक्रोनेअर या मापावर बांधलेला असतो, आणि भारतीय कापूस महामंडळ ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भावास धरून १२ टक्क्यांच्या पलीकडे माल घेत नाहीं. शेतकऱ्याच्या पदरांत काय पडावयाचें तें ओलाव्याच्या एका लहानशा यंत्राच्या कांट्यावर ठरतें; मग तें यंत्र खरें असावें ही मागणी क्षुल्लक कशी म्हणावी?

दुधाची गोष्ट याहून बोलकी आहे. नुसत्या दुग्धमापकानें दुधाची घनता कळते, पण साय काढून बेताचें पाणी घातल्यास त्या कांड्यास सहज फसवितां येतें. १८९० सालीं अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथील स्टीफन बॅबकॉक यांनीं एक सोपी युक्ति काढली. दुधांत गंधकाम्ल घालून कुपी गरगर फिरविली, म्हणजे स्निग्धांश वेगळा होऊन कुपीच्या मानेंत चढतो व तेथील रेघांवर मोजतां येतो. त्यांनीं या शोधाचा मक्ता स्वतःकडे घेतला नाहीं. तो सर्वांस मोकळा ठेविला. तेव्हांपासून दुधाचा भाव मापावर न ठरतां सत्त्वावर ठरूं लागला, व चांगलें जनावर बाळगणें किफायतीचें झालें. आज महाराष्ट्रांत गाईच्या दुधाचा दर ३.५ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के इतर घनांश धरून ठरवितात. संकलन केंद्रावरील यंत्र रोज दोन दशांश कमी दाखवूं लागलें, तर दूध चोख असूनहि उत्पादकाच्या पदरीं खालचा दर येतो, व त्यास कारणहि कळत नाहीं.

आतां परदेशच्या व्यापाराकडे वळूं. नाशिक-सांगलीकडील द्राक्षें युरोपांत जातात. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक द्रव्याचा अंश तेथील मर्यादेहून अधिक सांपडल्यामुळें पुष्कळ माल अडला व बागाईतदार कर्जांत बुडाले. त्यानंतर त्या द्रव्याच्या तपासणीची तजवीज झाली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा या कामीं मार्गदर्शक आहे. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद होते, व पेटीवरून बागेपर्यंत माग काढतां येतो. आंब्याचा अनुभवहि असाच. २०१३ सालीं भारतांतून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी इत्यादि कीड सांपडली, म्हणून युरोपीय संघानें १ मे २०१४ पासून आंबा, वांगें, कारलें, पडवळ आणि अळू यांची आयात बंद केली. ऐन हंगामांत हापूसचा मार्ग खुंटला. पॅकिंगगृहांची तपासणी कडक झाल्यावर २०१५ च्या आरंभीं आंब्यावरील बंदी उठली.

अमेरिकेचा दरवाजा २००७ सालीं आंब्यास उघडला, तो किरणांच्या संस्कारामुळें. फळास ४०० ग्रे इतकी किरणांची मात्रा दिली, कीं आंतील किडीचें प्रजनन थांबतें. भाभा अणुसंशोधन केंद्राचें लासलगांवचें केंद्र २००२ सालीं सुरू झालें होतें. त्यास या कामाची पहिली मान्यता मिळाली. परंतु वाचकांनीं येथें एक मर्म ध्यानांत घ्यावें. ४०० ग्रे दिले, असें आपण म्हटलें तर परक्यानें तें कां मानावें? मात्रा मोजण्याचें राष्ट्रीय माप तुर्भ्यास आहे व तें जगाच्या मापाशीं ताडलेलें आहे, म्हणूनच तें मानलें जातें. मीटरच्या आंतरराष्ट्रीय करारांत भारत १९५७ सालीं सामील झाला, त्याचें फळ अशा रीतीनें रत्नागिरीच्या बागेपर्यंत पोंचतें. प्रयोगशाळांची लायकी तपासणारें एनएबीएल हें मंडळ १९८८ पासून आहे. त्याची साक्ष परदेशांत चालते, त्यामुळें तोच माल दोनदां तपासण्याचा खर्च वांचतो.

शेतकरी जसा विकतो तसा विकतहि घेतो. भारतीय मानक संस्था ६ जानेवारी १९४७ रोजीं निघाली. तिचें पहिलें मानक १९५१ चें, राष्ट्रध्वजाविषयींचें. तीच संस्था १९८७ पासून ब्यूरोच्या रूपानें चालते. पाइपलाइनीच्या पीव्हीसी नळीस मानक क्रमांक ४९८५, ठिबकच्या उपनळीस १२७८६. या क्रमांकांमागें नळीची जाडी, दाब सोसण्याची शक्ति व प्लास्टिकची प्रत हीं सर्व बांधलेलीं असतात. नळी पहिल्याच उन्हाळ्यांत तडकली तर कर्ज नळीचें व नुकसान पिकाचें, असें दुहेरी संकट येतें.

या व्यवस्थेंत एक धोकाहि आहे, तो आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. मानक हें जसें शिडी होतें, तसेंच कुंपणहि होतें. अंशतपासणीचा खर्च दहा एकरांच्या बागेस जितका, तितकाच एका एकराच्या बागेस. म्हणून नियम जितके कडक, तितका लहान शेतकरी निर्यातीबाहेर फेंकला जाण्याची भीति अधिक. यावर उपाय नियम ढिले करणें हा नव्हे, तर एकत्र होणें हा आहे. डेन्मार्कांत १८८२ सालीं पहिली सहकारी दूधशाळा निघाली. पुढें तेथील लोण्यास ‘लूर’ ही एकच छाप लागूं लागली, व १९०६ च्या कायद्यानें ती निर्यातीस सक्तीची झाली. चारदोन गाईंचे धनी त्या छापेखालीं एकत्र आले आणि इंग्लंडच्या बाजारांत त्यांच्या लोण्यानें नांव मिळविलें. छाप सर्वांची असल्यामुळें एकाची लबाडी सर्वांस बाधते, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्यावर नजर ठेवतो. सरकारी निरीक्षकास जें साधत नाहीं, तें अशी शेजारधर्माची नजर साधते.

तेव्हां शेतकरी बंधूंनीं काय करावें? कांट्यावर चालू वर्षाची मोहोर आहे कीं नाहीं, हें माल चढविण्यापूर्वीं पहावें. वजनाची व प्रतीची पावती मागून घ्यावी. दुधाचें, ओलाव्याचें यंत्र केव्हां तपासलें तें केंद्रावर लिहून लावण्याचा आग्रह धरावा. नळी, पंप, सिमेंट घेतांना आयएसआय खुणेबरोबर परवाना-क्रमांक पहावा. तो खरा कीं खोटा हें ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर कळतें. फवारणी कोणत्या दिवशीं, कशाची व किती केली याची वही ठेवावी. माल अडल्यास हीच वही कामीं येते. नमुना काढतेवेळीं त्याचा एक मोहोरबंद भाग आपल्यापाशीं ठेवून घ्यावा. आणि गांवच्या सोसायटीनें मिळून एक प्रमाणित वजनांचा संच व एक ओलावामापक यंत्र ठेवावें. खर्च वांटला म्हणजे तो जड होत नाहीं, व संशय आल्यास ताडून पाहण्यास साधन आपल्याच गांवांत राहतें.

सरकारचें कर्तव्य याहून मोठें आहे. निरीक्षकांच्या जागा भरलेल्या असाव्या, जिल्ह्याजिल्ह्यास विश्वासू प्रयोगशाळा असावी, व लहान उत्पादकाच्या तपासणीचा भार सार्वजनिक तिजोरीनें उचलावा. पाटबंधाऱ्यावर खर्च करणारें राज्य एवढें करूं शकणार नाहीं, असें नाहीं. मात्र मागणी शेतकऱ्यांकडून, एकजुटीनें व पुराव्यानिशीं गेली पाहिजे. येत्या हंगामाच्या आरंभींच प्रत्येक सोसायटीनें आपल्या बाजारांतील कांट्यांची व यंत्रांची पाहणी करून तिची नोंद ठेवावी, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंति आहे.