पाऊस, माळरान आणि ईदचा बकरा

बकरी ईदच्या बाजारात भाव चढला की आपण दलालाला बोल लावतो. पण त्या भावाचा बराचसा हिशेब आधीच्या पावसाळ्यात माळावर मांडलेला असतो. जनावरांचा, मटणाचा व चामड्याचा व्यापार करणाऱ्या बांधवांनी तो समजून घ्यावा, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

सोलापूर, अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग हा कमी पावसाचा पट्टा. येथे वर्षाला साधारण ५०० ते ७०० मि.मी. पाऊस पडतो. मुरमाड माळावर मातीचा थर पातळ असल्याने ओल टिकत नाही. म्हणून पाऊस किती झाला याइतकेच तो कसा झाला, हे महत्त्वाचे ठरते. बारीक सरींचे पाणी वरच्यावर वाळून जाते. एकाच दिवसात धो धो कोसळला तर ओढ्याला वाहून जातो. थोड्या थोड्या दिवसांनी मुरवणीचा पाऊस झाला तरच गवत वाढते. लांब खंड पडला की गवत खुरटते, लवकर फुलोऱ्यावर येते, काडी कडक होते आणि कस उतरतो. शेळी बोरी-बाभळीच्या पाल्यावर तग धरते. मेंढीचे हाल अधिक.

२०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरमध्ये पाऊस परतला, पण वाढीचा मुख्य महिना हातचा गेला होता. ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढची बकरी ईद १७ जून २०२४ रोजी आली. कुर्बानीचा बकरा वर्षाचा पुरा लागतो. म्हणजे त्या ईदचे जनावर याच टंचाईतून निघालेले होते.

चारा संपला की पाळणारा जनावरे पडेल भावात काढतो आणि ऐन ईदला माल कमी पडतो. त्यात ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती. त्यापुढे ती मे व नंतर एप्रिलमध्ये सरकते. म्हणजे भर उन्हाळा आणि माळ उघडा.

तेव्हा जुलै-ऑगस्टमधील पावसाचे खंड वहीत टिपून ठेवावेत. खंड मोठा असेल तर दिवाळीनंतरच ओळखीच्या पाळणाऱ्याशी बोलणी करावी, इसार द्यावा. त्या पैशातून तो कडबा भरून ठेवील. मात्र त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन भाव पाडू नये. पाळणारा टिकला तरच आपला धंदा टिकेल, आणि बरकतही त्यातच आहे.