झोपताना कोसळणारा ड्रायव्हर

आमच्या तंजावरात वीज गेली की पहिला प्रश्न 'किती वेळ?' हाच असतो. १६ नोव्हेंबर २०१८ ला गाजा वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर धडकले आणि कावेरीच्या मुखाकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हापासून घरच्या संगणकाला मी एक शिस्त लावली आहे. यूपीएसची बॅटरी उतरू लागली की आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनने स्वतःहून हायबरनेट व्हायचे. त्या लिनक्स मशीनवर वडिलांनी जपलेल्या मोडी कागदांचे फोटो आणि मी करत असलेले बाळबोध लिप्यंतर असते.

मागच्या उन्हाळ्यात वीज परत आली, मशीन सुरू केले, तर ते नव्यानेच सुरू झाले. झोपायला जातानाच ते कोसळले होते. न साठवलेल्या चाळीसेक ओळी गेल्या. कागद शाबूत होते म्हणून बरे.

असे का होते? मशीन बाहेरून नुसते थांबवले, तर यजमान संगणक मेमरी आणि आभासी उपकरणे या दोन्हींची अवस्था जशीच्या तशी जपतो. आतल्या ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. हायबरनेशनचे तसे नाही. आतली प्रणाली मेमरीची प्रत स्वतः डिस्कवर लिहिते आणि मशीन बंद करते. पुन्हा सुरू केल्यावर मेमरी जुनी परत येते, उपकरणे मात्र कोरी करकरीत असतात. रजेवरून परतलेला जवान सवयीने आपल्या खाटेकडे निघावा आणि तिथे बराकच नसावी, तशी ड्रायव्हरची गत होते. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरला दोन कामे यावी लागतात: झोपण्यापूर्वी हातातले काम आवरून गप्प बसणे, आणि उठल्यावर उपकरणाशी पहिल्यापासून ओळख करून घेणे.

लिनक्समधल्या व्हर्टआयओ या आभासी उपकरणांच्या ड्रायव्हरांना ही कामे बराच काळ येत नव्हती. २०११ मध्ये रेड हॅटचे पुण्यातले अभियंते अमित शहा यांनी ती लिहिली आणि मार्च २०१२ च्या लिनक्स ३.३ मध्ये ती आली. डिस्क, नेटवर्क आणि कन्सोलचे ड्रायव्हर झोपताना यजमानाशी बोलायच्या रांगा मोडतात आणि उठल्यावर नव्या बांधतात. 'बलून' ड्रायव्हर तर यजमानाला उसनी दिलेली मेमरी झोपण्याआधी परत घेतो. कन्सोलच्या बदलासोबत त्यांनी प्रांजळपणे नोंदवले होते की, रांगेत पडून राहिलेला मजकूर यात हरवू शकतो. अशी नोंद करणारा माणूस मला फार आवडतो.

म्हणजे माझा दोषी दुसराच कोणी होता. पडदा काळा पडत असल्याने काही दिसत नव्हते, कारण कन्सोलही इतरांबरोबर झोपी जातो. कर्नलला सुरुवातीलाच 'नो कन्सोल सस्पेंड' ही सूचना देऊन मी त्याला जागे ठेवले आणि मशीनच्या सिरियल पोर्टचा मजकूर यजमानावरच्या एका फाइलीत उतरवला. व्हर्च्युअल मशीनचा हा मोठा फायदा: ते मेले तरी त्याचे शेवटचे शब्द बाहेर उरतात. आधी स्नॅपशॉट घेतला, हे सांगायला नकोच.

मग 'पीएम टेस्ट'. कर्नलमधली ही सोय हायबरनेशन अर्ध्यावर थांबवते, पाच सेकंद वाट पाहते आणि परत फिरते. पहिली पायरी 'फ्रीझर', म्हणजे फक्त प्रोग्राम गोठवायचे. ती पार पडली. दुसरी 'डिव्हाइसेस'. तिथेच मशीन आडवे. डिस्कचा ड्रायव्हर काढता येत नाही; बाकी आठ मॉड्यूल काढण्याजोगी होती. चार काढली, तरी कोसळले. उरलेल्यांतली दोन काढली, तेव्हा चालले. त्या दोघांतले एक परत घातले आणि गुन्हेगार सापडला: कागदांचे फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याचा, कर्नलबाहेरून आणून बसवलेला ड्रायव्हर. सिरियलच्या फाइलीतही त्याचेच नाव होते.

कॅमेऱ्यावरचे बटण दाबले का, हे तो दर सेकंदाला पाहायचा. प्रोग्राम गोठले तरी कर्नलमधली ही फेरी गोठत नव्हती. उपकरण बंद झाल्यावरही तो त्याच्या मोकळ्या केलेल्या मेमरीत हात घालत होता.

तात्पुरता उपाय सोपा होता. सिस्टमडी झोपण्यापूर्वी 'प्री' आणि उठल्यावर 'पोस्ट' असे सांगून एक छोटी स्क्रिप्ट चालवते. तिच्यात मॉड्यूल काढायचे आणि परत घालायचे. पण कॅमेरा वापरात असला की मॉड्यूल निघतच नाही, आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. म्हणून ड्रायव्हरच दुरुस्त केला. बटण पाहायची फेरी कर्नलच्या गोठणाऱ्या कामांच्या रांगेत हलवली, झोपताना ती पूर्ण थांबेपर्यंत थांबायला लावले आणि उठल्यावर कॅमेऱ्याची मांडणी नव्याने करणारे फंक्शन जोडले. सारे मिळून तीसेक ओळी. शोधायला मात्र दोन रविवार लागले.

त्यानंतर वीस वेळा झोपवले, वीस वेळा उठले. कॅमेरा फोटो घेत असतानाच झोपवले, तर तो एक फोटो अजूनही जातो. तेवढे पान पुन्हा कॅमेऱ्याखाली ठेवतो.