सांधेदुखीचीं औषधें शरीरांत काय करितात?

ज्या भीमेच्या कांठीं कोरेगांव वसलें आहे, तीच नदी दौंडावरून खालीं जाऊन उजनीच्या जलाशयांत शिरते, आणि त्या जलाशयाच्या कांठीं भिगवण हें गांव आहे. सन १९९६ मध्यें पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं या गांवांत घरोघर जाऊन सुमारें ४,००० प्रौढ स्त्रीपुरुषांची विचारपूस केली. तेव्हां शेंकडा १८ जणांना हाडें, सांधे अथवा स्नायू यांची कांहींना कांहीं पीडा असल्याचें आढळलें. कोरेगांवाकडील घरांची स्थिति याहून फार निराळी असेल, असें मानण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं.

परंतु पीडा एक दिसली तरी रोग अनेक असतात. कोणाचे गुडघे झिजलेले असतात. कोणाला आमवात असतो, कोणाला वातरक्त. या दोहोंना डॉक्टर लोक ढोबळ मानानें रुमॅटॉइड आर्थ्रायटिस व गाऊट म्हणतात. माधवनिदानांत आमवाताचें आणि चरकसंहितेंत वातरक्ताचें स्वतंत्र प्रकरण आहे. आमच्या घरांत मात्र सगळ्यांना मिळून 'वात' हें एकच नांव, आणि सगळ्यांवर एकच दुखण्याची गोळी! प्राचीनांनीं केलेला भेद आम्ही सुशिक्षितांनीं मोडून टाकावा, हें नवलच म्हटलें पाहिजे.

ही दुखण्याची गोळी काय करिते? दुखावलेल्या जागीं शरीर प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार करितें. त्यांच्या योगानें सूज व वेदना वाढतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक हीं औषधें त्या द्रव्यांची उत्पत्तीच रोखतात. ॲस्पिरिनाचें हें मर्म जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९७१ मध्यें उलगडलें व १९८२ मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. पण हींच द्रव्यें जठराच्या अस्तराचें रक्षण करितात आणि वृद्धांच्या मूत्रपिंडांत रक्ताचा ओघ चालू ठेवितात. गोळीला गुडघा कोणता व जठर कोणतें हें कळत नाहीं. ती सर्वत्रच रोध करिते. म्हणून महिनोन्महिने आपल्या मनानें ती घेणाऱ्या आजोबांना एके दिवशीं काळा शौच होतो किंवा पायांवर सूज चढते. शिवाय सांध्यांतील मूळ रोग तिनें थांबतो, असेंही नव्हे.

या गोळीचा पराक्रम पाहावयाचा असेल तर गिधाडांकडे पाहावें. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोंचीत. असें गुरूं मेलें कीं त्याचें मांस गिधाडें खात, त्यांचीं मूत्रपिंडें बंद पडत आणि यूरिक आम्लाचा पांढरा थर त्यांच्या काळजा-यकृतावर चढे. म्हणजे माणसाच्या सांधेदुखीचें औषध पक्ष्यांना वातरक्त देऊन मारीत होतें! हें कारण २००४ मध्यें उघडकीस आलें आणि २००६ मध्यें भारतांत गुरांसाठीं या औषधावर बंदी आली.

माणसाच्या वातरक्तांतही अपराधी तेंच यूरिक आम्ल. पेशींच्या व अन्नाच्या पचनांतून तें उपजतें व मुख्यतः मूत्रावाटे जातें. रक्तांत त्याचें प्रमाण फार वाढलें कीं त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत बसतात. बहुधा पायाच्या अंगठ्यांत, कारण तो भाग थंड. रक्तांतील श्वेतपेशी त्या स्फटिकांवर तुटून पडतात आणि मध्यरात्रीं पांघरुणाचा स्पर्शही सोसवेनासा होतो. कोल्चिसिन हें औषध त्या पेशींच्या आंतील सूक्ष्म तंतूंची जुळणी बिघडवून त्यांची धांव थांबवितें. पावसाळ्यांत आपल्या रानांत लालपिवळ्या फुलांनीं शोभणाऱ्या कळलावीच्या कंदांतही हेंच द्रव्य आहे. परंतु औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर इतकें थोडें, कीं तो कंद घरीं उगाळून घेणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

ॲलोप्युरिनॉल हें याच रोगावरचें निराळ्या जातीचें औषध. यूरिक आम्ल बनविणाऱ्या झँथिन ऑक्सिडेज या किण्वालाच तें अडवितें. रक्तांतील आम्ल दर शंभर मिलीलिटरांत ६ मिलिग्रॅमांखालीं उतरलें, कीं जुने स्फटिक हळूहळू विरघळूं लागतात. आरंभीं या विरघळण्यामुळेंच पुन्हां अंगठा ठणकतो. 'औषध मानवलें नाहीं' म्हणून लोक तें तेथेंच टाकून देतात. वस्तुतः तें लागूं पडत असतें. अंगावर पुरळ उठल्यास मात्र तें तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावें.

आमवाताची गोष्ट याहून गंभीर. येथें शरीराची रक्षक सेनाच सांध्याच्या अस्तरावर उलटते आणि हाडें कुरतडते. स्टेरॉइडानें ही सेना लवकर शांत होते, पण दीर्घ सेवनानें हाडें पोकळ होतात, साखर चढते. कित्येक निनांवी पुड्यांत हेंच गुप्तपणें मिसळलेलें असतें. 'पुडीनें चार दिवसांत गुण आला' हें ऐकून आम्हांस आनंदाऐवजीं शंका येते. या रोगाचा खरा लगाम म्हणजे मेथोट्रेक्सेट. तें १९४० नंतरच्या दशकांत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेंत, आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालीं निर्माण झालें. मोठ्या मात्रेंत तें कर्करोगावर देतात. आमवातांत अल्प मात्रेंत तें रक्षक पेशींचा आवेश शमवितें. गुण दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात.

ही गोळी आठवड्यांतून एकच दिवस घ्यावयाची असते. एकत्र कुटुंबांत औषध कधीं सून देते, कधीं नातू. कोणी न विचारतां रोज दिली, तर तोंड येतें, रक्तांतील पेशी घटतात आणि प्राणावरही बेततें. म्हणून डॉक्टरांनीं ठरविलेला वार डबीवर ठळक अक्षरांत लिहावा, औषध देण्याचें काम घरांतील एकाच व्यक्तीकडे सोंपवावें आणि बरोबर दिलेली फॉलिक आम्लाची गोळी वेगळ्या डबींत ठेवावी. ज्या सुनेला अपत्याची आशा आहे, तिनें हें औषध चालूं असल्यास तसें डॉक्टरांना आधींच सांगावें, कारण गर्भास तें घातक आहे. यकृत व रक्त यांची तपासणी ठरल्या मुदतीस करून घ्यावी, सांधे दुखत नसले तरीही.