यंत्रांचा संवाद (लेखांक ६) : आधी पुरावा, मग सेटिंग
मागील लेखांकात आपण आरएस-४८५ ही दोन तारांची जोडणी पाहिली. आज ती बंद पडल्यावर काय करायचे ते पाहू. रत्नागिरीच्या मिरजोळे वसाहतीतला मासळीप्रक्रियेचा कारखाना असो की लोटे-परशुरामचा रासायनिक कारखाना, तापमान नियंत्रक, वीजमीटर आणि मोटरींचे ड्राइव्ह पुष्कळदा मॉडबस पद्धतीनेच पीएलसीशी, म्हणजे त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या नियंत्रकाशी, बोलतात. मोडिकॉन कंपनीने १९७९ साली आणलेली ही पद्धत आजही टिकून आहे. संपर्क तुटल्याचा इशारा पडद्यावर आला, की पहिला हात सेटिंगकडे जातो : संदेशाचा वेग बदलून पाहा, पॅरिटी (चूक पकडण्यासाठी जोडलेला बिट) बदलून पाहा. माझ्या मते हे सर्वांत शेवटी करायचे काम आहे. संपर्क कोणत्या प्रकारे तुटला यावरूनच बिघाडाची जागा कळते, आणि घाईने सेटिंग बदलली की तो पुरावाच पुसला जातो.

मॉडबसमध्ये पीएलसी विचारते आणि ज्याचा पत्ता पुकारला ते यंत्र उत्तर देते. यात बिघाड तीन प्रकारे दिसतो. पहिला, उत्तरच येत नाही. तार एका यंत्राकडून पुढच्याकडे ओढलेली असते. म्हणून एका ठिकाणापासून पुढची सगळी यंत्रे गप्प असतील, तर तार तिथे तुटल्याचा संशय घ्यावा. मधले एकच गप्प असेल, तर मुख्य तार शाबूत आहे. त्या यंत्राचा वीजपुरवठा, पत्ता, वेग, पॅरिटी आणि ए-बी टोकांची अदलाबदल तपासावी. दुसरा, उत्तर येते पण सीआरसी, म्हणजे संदेश अखंड आला का हे तपासणारा आकडा, जुळत नाही. इथे दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर, ड्राइव्हच्या पॉवर केबललगत ओढलेली तार किंवा एकच पत्ता दिलेली दोन यंत्रे शोधावीत. तिसरा, यंत्र एरर कोड २ पाठवते : मागितलेले रजिस्टर (आकडा ठेवण्याचा क्रमांकित कप्पा) माझ्याकडे नाही. हा नकार फार मोलाचा आहे. प्रश्न पोचला, समजला आणि उत्तरही परत आले. म्हणजे तार, वेग आणि पॅरिटी ठीक आहेत, आणि त्या पत्त्यावर यंत्र आहे. चूक रजिस्टरच्या क्रमांकात आहे, आणि बहुतेक वेळा ती एकानेच असते, कारण माहितीपुस्तिकेतले ४०००१ तारेवरून ० म्हणून जाते.

कोकणात यावर एक आक्षेप येईल. इथली हवा खारी, वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. टर्मिनल गंजतात, मग सरळ तारेलाच दोषी का धरू नये? गंज खरा आहे, पण तो बहुधा हळूहळू वाढतो : आधी अधूनमधून चुका, दमट दिवसांत जास्त, पुढे रोजच्या. वेगातली तफावत मात्र पहिल्या क्षणापासून संपर्क पूर्ण तोडते. चुकांच्या नोंदी तारीखवार पाहिल्या तर दोन्ही वेगळे ओळखता येतात. चालू सेटिंग आपोआप कशी बदलेल, हा दुसरा प्रश्न. ती आपोआप क्वचितच बदलते. पण विजेने जळालेल्या मीटरच्या जागी नवे बसवले, की त्यासोबत उत्पादकाने घातलेली सेटिंग येते. जुने मीटर १९,२०० वेगावर आणि इव्हन पॅरिटीवर चालत असेल आणि नवे ९,६०० वर पॅरिटीविना आले असेल, तर तार कितीही चांगली असली तरी संवाद होणार नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आहे. शीतगृहात माल अडकलेला असताना नोंदी वाचायला सवड कुठली? पण सवड नसते म्हणूनच चाचपडणे परवडत नाही. नेहमीचे पाच वेग, पॅरिटीचे तीन पर्याय आणि २४७ पत्ते यांच्या ३,७०५ जोड्या होतात. शिवाय पीएलसीच्या बाजूचा वेग बदलला, की नीट चालणारी यंत्रेही गप्प होतात आणि एका यंत्राचा बिघाड साऱ्या ओळीचा होऊन बसतो. म्हणून मूळ सेटिंग आधी कागदावर उतरवावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि फरक पडला नाही तर ती लगेच पूर्ववत करावी. ही शिस्त पाळली तर फसलेला प्रयत्नही एक शक्यता कायमची बाद करतो.

पुढील लेखांकात : मॉडबस टीसीपी, पोर्ट ५०२ आणि एकच आयपी पत्ता दोन यंत्रांना दिल्यावर होणारा घोळ.