पैसे आषाढात, काशी कार्तिकात

"मॅडम, आम्ही काय चोर हावोत का?" नांदेडच्या वजिराबादेत असो की लातूरच्या औसा रोडवर, यात्रा कंपनीच्या मालकाचा ऑनलाइन पैसे घेण्यासाठीचा, म्हणजे पेमेंट गेटवेचा अर्ज भरताना हा प्रश्न मला हमखास ऐकावा लागतो. वीस-वीस वर्षं लोकांना काशी-रामेश्वर घडवून आणलेला हा माणूस. त्याच्या अर्जावर 'हाय रिस्क' असा शेरा पडतो आणि तो त्याच्या मनाला लागतो.

हा शेरा त्याच्या सचोटीवर नसतो. पैसे कधी घेतले आणि सेवा कधी दिली, यातल्या अंतरावर असतो. किराणा दुकानदार पैसे घेतो, साखर देतो, व्यवहार तिथंच संपतो. यात्रा कंपनी आषाढात पैसे घेते आणि काशी दाखवते कार्तिकात. कार्डानं पैसे भरलेल्या ग्राहकाला सेवा मिळाली नाही, तर तो आपल्या बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागू शकतो. याला चार्जबॅक म्हणतात. कार्ड कंपन्यांच्या नियमांत त्यासाठी साधारण 120 दिवस असतात आणि सेवा पुढच्या तारखेची असेल तर ते त्या तारखेपासून मोजतात. म्हणजे जूनमध्ये भरलेल्या पैशांवरचा दावा मार्चपर्यंत उभा राहू शकतो. मालकानं तोवर बसवाल्याचे, लॉजचे, आचाऱ्याचे पैसे देऊन टाकलेले असतात. त्याच्याकडून वसुली झाली नाही, तर भुर्दंड गेटवे कंपनीवर येतो.

ही भीती निराधार नाही. जेट एअरवेजची विमानं एप्रिल 2019 मध्ये थांबली, गो फर्स्टची मे 2023 मध्ये. नांदेडकरांना तर लांब जायलाच नको. उडान योजनेतली हैदराबाद–नांदेड सेवा 27 एप्रिल 2017 ला सुरू झाली, तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. ती चालवणारी ट्रूजेट 2022 मध्ये बंद पडली. आणि मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे सगळ्यांच्याच यात्रा एका फटक्यात रद्द झाल्या. लातूरचे क्लासेसही याच रांगेत बसतात, कारण तिथं वर्षाची फी आधी घेतली जाते. विद्यार्थी मध्येच निघाला तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण लातूरला मूल पाठवणाऱ्या पालकाला हे माहीतच नसतं.

मग गेटवे हवाच कशाला? यूपीआयवर जानेवारी 2020 पासून दुकानदाराला शुल्क नाही, काउंटरवर क्यूआर लावलेला असतोच. पण आई-वडिलांच्या चारधामचे पैसे आता मुलगा भरतो आणि तो हिंजवडीत असतो. त्याला लिंक हवी, क्रेडिट कार्ड हवं, हप्ते हवेत.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. आधारवर व्यंकटेशचं इंग्रजी स्पेलिंग एक, पॅनवर दुसरं, शॉप ॲक्टवर तिसरंच. खातं पडताळायला कंपनी एक रुपया पाठवते. बँकेकडून आलेलं नाव जुळलं नाही की अर्ज परत. दुकानाच्या पाटीचा फोटो लागतो. पाटीवर नाव ठळक देवनागरीत, आणि तपासणारा बसलेला बंगळूरला. म्हणून पाटीच्या कोपऱ्यात इंग्रजी नाव बारीक का होईना, पण कागदावर आहे तसंच लिहून घ्या, असं मी आधीच सांगते.

खरं काम मात्र वेबसाइटवर असतं. रिझर्व्ह बँकेनं 17 मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत गेटवे कंपन्यांवर व्यापाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याची जबाबदारी टाकली. सेवेच्या अटी आणि परताव्याची मुदत व्यापाऱ्याच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेली हवी, हेही त्यात आलं. वेबसाइट करून देणारा पोरगा हा मजकूर कुठून तरी उचलून चिकटवतो. यात्रा कंपनीच्या पानावर 'माल सात दिवसांत परत घेतला जाईल' असं वाचलं की मी तो कागद बाजूला ठेवते आणि मालकांना शेजारी बसवून घेते. निघायच्या महिनाभर आधी रद्द केलं तर किती परत? आठ दिवस आधी? बस बिघडली तर मुक्कामाचा खर्च कुणाचा? आणि यात्रेकरू सत्तरीचे असतात. निघण्याआधी कुणी आजारी पडलं, घरात कुणी वारलं, तर? या शेवटच्या प्रश्नावर मालक थांबतात. आजवर त्यांनी हे तोंडी निभावलेलं असतं, बहुतेकदा माणुसकीनं. तीच रीत आम्ही कागदावर उतरवतो, मराठीत आणि इंग्रजीत. माझ्या मते अख्ख्या अर्जात या पानाइतकं मोलाचं दुसरं काही नाही, कारण ते गेटवे कंपनीइतकंच लोह्याच्या, कंधारच्या आजीच्याही कामाचं आहे.

मंजुरी आली तरी हात मोकळे होत नाहीत. काही कंपन्या प्रत्येक शंभरातले पाच-दहा रुपये राखीव म्हणून सहा महिने अडकवून ठेवतात. ज्याचं भांडवल म्हणजे यात्रेकरूंची आगाऊ रक्कम, त्याला हे जड जातं. पण घासाघीस करता येते. बुकिंगला थोडी रक्कम आणि उरलेली निघायच्या पंधरवड्यात, असं वेळापत्रक दाखवलं तर राखीव कमी करायला कंपनी तयार होते, असा माझा अनुभव आहे. चार्जबॅक आलाच तर उत्तराला थोडेच दिवस मिळतात. सही केलेला फॉर्म, लॉजची पावती, बसमधली यादी, घाटावरचा ग्रुप फोटो हे सगळं यात्रा संपल्यावरही जपून ठेवावं लागतं. ग्राहकाच्या कार्डाच्या बिलावर कंपनीचं ओळखीचं नाव येतं का, हेही पाहावं. मालकाचं खासगी नाव आलं तर मुलगा ते ओळखत नाही आणि तक्रार ठोकतो.

एवढा खटाटोप पाहून काही जण आडवाटेला लागतात. धंदा 'स्टेशनरी' दाखवू, दोन दिवसांत खातं मिळवून देतो, असं सांगणारे एजंट दोन्ही शहरांत भेटतात. खोटा प्रवर्ग फार काळ टिकत नाही. एका बुकिंगला ऐंशी हजार येऊ लागले की स्टेशनरीचं सोंग उघडं पडतं आणि पैसे ऐन हंगामात अडकतात. उलट खरा प्रवर्ग लावल्याचा फायदाच आहे: सप्टेंबर 2025 पासून प्रवासाच्या पडताळलेल्या व्यापाऱ्याला यूपीआयवर एका वेळी 5 लाखांपर्यंत घेता येतात.

सगळ्यात वाईट वाट भाड्याच्या खात्याची. गेटवे मिळत नाही म्हणून दुसऱ्याचं करंट खातं वापरायचं, किंवा महिन्याला काही हजार मिळतात म्हणून आपलं खातं आणि सिमकार्ड परक्याच्या हाती द्यायचं. त्या खात्यात कुणाची तरी लुबाडलेली रक्कम येते, तो माणूस सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि खातं गोठतं. व्यापारी मित्रांना माझी हात जोडून विनंती आहे: अर्जाला महिना लागला तरी लागू द्या, पण आपलं खातं दुसऱ्याला देऊ नका. त्यात आलेल्या प्रत्येक रुपयाचा जाब पोलीस आधी खातेदारालाच विचारतात.