जाळ, वारा आणि गुऱ्हाळाचें चुलाण

गूळ महाग पडला म्हणजे आपण दोष उंसास, मजुरीस किंवा बाजारास देतों; चुलाणाकडे सहसा कोणी पाहत नाहीं. वस्तुतः गुऱ्हाळाचें काम हें मुख्यतः पाणी आटविण्याचें काम होय. १०० किलो रसांत सुमारें ८० किलो पाणीच असतें, आणि उकळतें पाणी वाफ होऊन जाण्यास दर किलोस सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. ही उष्णता घरच्या चिपाडांतून भागली तर नफा राहतो. लांकूड विकत घ्यावें लागलें तर तो धुराड्यावाटें निघून जातो.

जळणें म्हणजे पदार्थाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होणें, हें फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनीं इ. स. १७७७ मध्यें मांडिलें. हवेंत प्राणवायु सुमारें २१ टक्केच असतो. बाकीचा बहुतेक नत्रवायु जळण्यास साहाय्य न करितां फुकट तापून बाहेर पडतो. त्यामुळें १ किलो कोरडीं चिपाडें पुरतीं जळण्यास सुमारें ६ किलो हवा लागते. जळण आपण मोजतों. हवा मात्र हिशेबांत धरीत नाहीं.

कंदिलाची कांच काढतांच वात धूर ओकूं लागते. कांच पुन्हां बसविली कीं तेंच तेल व तीच वात असून ज्योत स्वच्छ होते. कारण कांचेंतील तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व खालून ताजी हवा ओढून घेते. चुलाणाचें धुराडें हेंच कार्य करितें. ज्योतीवर थंड तबक धरिलें असतां जें काजळ जमतें, तो न जळलेला कर्ब होय. ज्योतीचा पिवळा उजेडही याच तापलेल्या कणांचा असतो, हें मायकेल फॅरेडे यांनीं लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८६०-६१ सालीं मेणबत्तीवर दिलेल्या व्याख्यानांत समजावून सांगितलें. म्हणून काळा धूर म्हणजे आपलेंच जळण उडून चाललें, असें समजावें.

हा तोटा केवढा? १ किलो कर्ब पुरता जळला तर सुमारें ७,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते. हवेच्या अभावीं अर्धवट जळून त्याचा कार्बन मोनॉक्साइड वायु झाला तर अवघी २,२०० च्या आसपास.

परंतु वारा हवा तितकाच पाहिजे. जाळ घालण्याचें तोंड सताड उघडें ठेविल्यास नको असलेली थंड हवा आंत शिरून ज्योत निववते, आणि काहिलीची उष्णता स्वतःबरोबर धुराड्यांतून नेते.

यावरून पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. घाण्यांतून नुकत्याच निघालेल्या चिपाडांत निम्म्याच्या आसपास पाणी असतें. तें आटविण्यांत उष्णता खर्ची पडते व जाळ मंदावतो. याकरितां चिपाडें उन्हांत कडकडीत वाळवावीं. जाळ थोडथोडा व वरचेवर घालावा. एकदम भारा कोंबल्यास त्यांतून इतके ज्वलनशील वायु सुटतात कीं हवा पुरत नाहीं व धुराचा लोट उठतो. भारा जळून गेल्यावर उलट हवाच अधिक होते. जाळीखालील राख वेळोवेळीं ओढावी, नाहींतर खालचा वारा कोंडतो. ज्योत तोंडावाटें बाहेर येऊं लागली तर धुराड्याची ओढ कमी पडली असें जाणावें व धुराडें झाडून काढावें. राखेंत काळे तुकडे पुष्कळ दिसल्यास जाळ अपुरा जळतो आहे.

वर सांगितलेला कार्बन मोनॉक्साइड केवळ नुकसान करून थांबत नाहीं, तो प्राणही घेतो. त्यास रंग नाहीं व वासही नाहीं. तो रक्तांत शिरून प्राणवायूची वाट अडवितो. गुऱ्हाळाचा हंगाम थंडीचा. कामकरी मंडळी चुलाणांतील निखारे शेगडींत घेऊन खोपीचें दार लावून निजतात. निखाऱ्यांस धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. पण कोंडलेल्या खोलींत प्राणवायु कमी होत जातो, हा वायु वाढतो, आणि निजलेल्या माणसास जाग येत नाहीं. निजण्यापूर्वीं शेगडी बाहेर ठेवावी, हा नियम मालकानें स्वतः पाळवून घ्यावा.

येत्या हंगामांत प्रत्येक आदणास किती चिपाडें लागलीं याची नोंद शेतकरी बंधूंनीं ठेवावी, आणि वाळवण व वारा सुधारल्यावर ती ताडून पाहावी.